स्टार्टअपमधील चार वर्षांचा हिशेब

नोव्हेंबर २०१८मध्ये हिंजवडीतील एका मोठ्या आयटी सेवा कंपनीचा राजीनामा देऊन मी सांगलीला बाबांना फोन केला. बाबा एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले आहेत. नव्या कंपनीचे काम काय, कार्यालय कुठे, पगार किती, हे सगळे त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतले आणि मग दोनच प्रश्न विचारले. पहिला, "पी.एफ. कापतात का गं?" आणि दुसरा, "आत्ताच्या ठिकाणी पाच वर्षं भरायला किती महिने राहिलेत?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते, कारण तो विचारावा असे मनातच आले नव्हते. दुसऱ्याचे उत्तर होते, सुटण्याच्या दिवसापासून सात महिने. ऑगस्ट २०१४मध्ये मी रुजू झाले होते, नव्वद दिवसांची नोटीस संपवून ३१ जानेवारी २०१९ला सुटणार होते आणि ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. माझे मूळ वेतन तेव्हा २२,००० रुपये होते, म्हणजे पाच वर्षे पूर्ण केली असती तर सुमारे ६३,००० रुपये हाती आले असते. नवी कंपनी ऑगस्टपर्यंत थांबायला तयार नव्हती. मी ती रक्कम सोडून दिली.

जुन्या कंपनीबद्दल माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही. पहिले चार महिने बेंचवर, म्हणजे कोणत्याही प्रकल्पाविना, गेले, त्यानंतर एका परदेशी बँकेच्या जावा या संगणकीय भाषेतील जुन्या प्रणालीची देखभाल माझ्याकडे आली. कोणताही बदल करण्यापूर्वी त्याची नोंद लिहायची, तो का करायचा हे दुसऱ्याला समजावून सांगायचे, चूक झाल्यास मागे कसे फिरायचे हे आधी ठरवायचे, ही शिस्त मला तिथेच लागली. पण साडेचार वर्षांत मी त्या प्रणालीच्या तीनच भागांना हात लावला होता आणि संपूर्ण वर्षात मी स्वतः लिहिलेल्या कोडच्या नव्या ओळी काही शेकड्यांच्या पुढे जात नसत. मे २०१८मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टमधील सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या कँटीनमध्ये कित्येक दिवस तिथल्या कर्मचाऱ्यांच्या शेअरचीच चर्चा चालू होती. मी त्या चर्चेत फारशी नव्हते. पण आपण लिहिलेले काही तरी कुणाच्या तरी हातात आजच्या आज पडावे, ही ओढ मात्र मला फार होती.

नवी कंपनी बाणेरमध्ये एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. माझ्यासह चौदा माणसे. पगार वर्षाला ६ लाख ६० हजारांवरून ७ लाख २० हजारांवर गेला, म्हणजे फार वाढला नाही. त्याच्या जोडीला १,२०० स्टॉक ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, देऊ केले गेले. बाबांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर रुजू झाल्यावर मिळाले. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो आणि आम्ही वीस नव्हतो, त्यामुळे पी.एफ. कापला जात नव्हता. कायद्याने त्यात काहीच गैर नव्हते. या गोष्टीचा पुढे काय त्रास होईल, याची मात्र तेव्हा कल्पना नव्हती.

कंपनीचे काम शीतवाहनांशी संबंधित होते. द्राक्षे, डाळिंबे, दुग्धजन्य पदार्थ, औषधे वाहून नेणाऱ्या गाड्यांमध्ये तापमान मोजणारी छोटी यंत्रे बसवायची, दर पाच मिनिटांनी त्यांच्याकडून नोंद घ्यायची आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर तापमान गेले की मालकाला कळवायचे. द्राक्षाचा घड काढल्यावर काही तासांत थंड करावा लागतो आणि पुढे शून्य अंशाच्या आसपास ठेवावा लागतो. मधेच ही साखळी तुटली तर देठ सुकून तपकिरी पडतात, मण्यांवर पाणी साचते आणि कुजण्यास सुरुवात होते. नाशिकच्या शेतकऱ्याचे वर्षभराचे पैसे त्या काही तासांवर अवलंबून असतात. हे मला तिथे जाण्यापूर्वी माहीत नव्हते, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा दिंडोरीजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे फळे निवडून भरण्याच्या जागी, उभी राहून मी आमचे यंत्र गाडीत बसवताना पाहिले, त्या दिवशी मी चार वर्षे ज्या बँकेसाठी काम केले तिची एकही शाखा कधी पाहिली नाही, हे लक्षात आले.

पहिल्या वर्षात मी जे काही केले त्याची यादी मोठी होईल. डेटाबेसची रचना, यंत्राकडून येणारे संदेश स्वीकारणारा सर्व्हर, ग्राहकाच्या मोबाइलवरचा नकाशा, रात्री दोनला बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करणे, पिंपळगावच्या व्यापाऱ्याला फोनवर पासवर्ड बदलून देणे. स्टार्टअपमध्ये शिकायला खूप मिळते असे म्हणतात तेव्हा लोकांच्या मनात बहुधा हीच विविधता असते. मला आज वाटते की या विविधतेने मी धीट झाले, पण कामात तरबेज मात्र एका वेगळ्याच कारणाने झाले. त्या कारणासाठी फेब्रुवारी २०२०मधली एक घटना सविस्तर सांगावी लागेल.

द्राक्षांचा हंगाम भरात होता. नाशिकहून वाशीच्या फळबाजाराकडे निघालेली एक गाडी कसारा घाटात शिरली. घाटात मोबाइलचे नेटवर्क जाते. अशा वेळी आमचे यंत्र नोंदी स्वतःजवळ साठवून ठेवी आणि नेटवर्क आले की आधी सर्वांत ताजी नोंद पाठवी व मग मागच्या साठवलेल्या नोंदी एकेक करून सोडी. त्या दिवशी घाटात शीतयंत्र सुमारे वीस मिनिटे बंद पडले, तापमान चढले, मग चालकाने ते सुरू केले आणि तापमान पूर्ववत झाले. गाडी खाली उतरल्यावर ताजी, योग्य तापमानाची नोंद आमच्याकडे प्रथम पोचली आणि तिच्यामागून जुन्या, चढलेल्या तापमानाच्या नोंदी आल्या. मी लिहिलेला कोड शेवटी पोचलेल्या नोंदीलाच सध्याची स्थिती समजत होता. त्यामुळे सगळे सुरळीत झाल्यानंतर धोक्याची सूचना वाजली. मालकाने घाबरून चालकाला फोन केला, चालकाने गाडी बाजूला घेऊन दारे उघडून माल तपासला, आणि फेब्रुवारीतल्या त्या दुपारी उघड्या दारांमुळे आतले तापमान खरोखरच चढले.

माल फारसा खराब झाला नाही, पण भाव पडला आणि तो व्यापारी आमच्यावर रागावला, ते रास्तच होते. मी रडवेली होऊन आमच्या तांत्रिक प्रमुखांकडे गेले. ते वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, आधी दूरसंचार क्षेत्रात बरीच वर्षे काम केलेले. त्यांनी मला धीर दिला नाही आणि रागावलेही नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही आधी हे सगळं लिहून काढा. काय घडलं ते वेळेनुसार लिहा. मग तुम्ही काय गृहीत धरलं होतं ते लिहा, आणि ते गृहीतक कोडच्या कोणत्या ओळीत आहे ते दाखवा." तो रविवार मी त्या दोन पानांवर घालवला. सोमवारी त्यांनी ती पाने माझ्यासमोर बसून वाचली आणि एका वाक्याखाली रेघ ओढली. मी लिहिले होते, "नोंद १४.१० वाजता आली." त्यांनी विचारले, "आली म्हणजे मोजली की पोचली?" माझ्या संपूर्ण डेटाबेसमध्ये या दोन वेळा वेगळ्या ठेवलेल्याच नव्हत्या. त्यानंतरचे दोन आठवडे आम्ही मोजल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ स्वतंत्र ठेवणे, प्रत्येक नोंदीला यंत्राचा क्रमांक व अनुक्रमांक देऊन एकच नोंद दोनदा आली तर दुसरी टाकून देणे आणि मुद्दाम उलटसुलट क्रमाने नोंदी पाठवून प्रोग्रामची परीक्षा घेणे, एवढेच काम केले. इतकी खोल तपासणी माझ्या कामाची त्यापूर्वी कुणीही केली नव्हती. जुन्या कंपनीत तपासणी होत असे, पण ती ठरलेल्या तक्त्यावर खुणा करण्यापुरती.

पुढची दीड वर्षे त्यांनी मी लिहिलेली जवळपास प्रत्येक ओळ वाचली. माझ्या कारकिर्दीला स्टार्टअपचा काही लाभ झाला असेल तर तो या वाचनामुळे झाला, असे मी आज ठामपणे म्हणू शकते. कंपनी लहान असल्याने एवढा जाणता माणूस माझ्यापासून एका टेबलाच्या अंतरावर बसत होता. मोठ्या कंपनीत त्याच्या आणि माझ्या मध्ये चार पायऱ्या असत्या. पण तो तिथे असणे हा कंपनी लहान असण्याचा गुण नव्हता, तो योग होता, आणि हे समजायला मला तो माणूस निघून जाईपर्यंतचा काळ लागला.

मार्च २०२०मध्ये आम्ही वीसच्या वर गेलो आणि पी.एफ. सुरू झाला, त्याच महिन्याच्या अखेरीस टाळेबंदी आली. एप्रिलपासून सहा महिने सर्वांचे पगार तीस टक्क्यांनी कमी झाले. हॉटेले बंद पडल्याने दुग्धपदार्थांचे ग्राहक थंडावले, पण अन्नधान्य आणि औषधांची वाहतूक चालू होती, आणि २०२१मध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागणाऱ्या लशींची वाहतूक सुरू झाल्यावर तापमानाची नोंद हा विषय अचानक सर्वांना महत्त्वाचा वाटू लागला. औषध वितरक आमच्याकडे येऊ लागले. त्याच वर्षी देशभर गुंतवणुकीचा पूर आला होता. चाळीसहून अधिक भारतीय कंपन्या त्या एका वर्षात एक अब्ज डॉलरच्या मूल्यांकनापलीकडे गेल्या. आमच्या कंपनीलाही जून २०२१मध्ये मोठी गुंतवणूक मिळाली. २०२२च्या सुरुवातीला आम्ही १२० जण होतो आणि माझा पगार १५ लाख झाला होता.

ऑगस्ट २०२१मध्ये तांत्रिक प्रमुख कंपनी सोडून गेले. कारणे त्यांची व्यक्तिगत होती. त्यांच्या जागी कुणी आले नाही. त्यांचे काम तिघांत वाटले गेले आणि मला नऊ जणांच्या गटाची प्रमुख करण्यात आले. सांगलीत पेढे वाटले गेले. माझे वय तेव्हा एकोणतीस होते.

नुकसान इथून सुरू झाले, आणि ते इतके सुखाने झाले की दीड वर्ष मला ते दिसले नाही. मी कोड लिहिणे जवळजवळ थांबवले. दिवस बैठका, मुलाखती आणि गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणांत जाऊ लागला. जे निर्णय मी घेत होते त्यांना आव्हान देणारे कुणी नव्हते. एक उदाहरण देते. त्या काळी मोठ्या कंपन्यांच्या धर्तीवर एका प्रणालीचे अनेक छोट्या स्वतंत्र सेवांमध्ये विभाजन करण्याची प्रथा सर्वत्र होती. मी आमच्या प्रणालीचे अकरा तुकडे करायचे ठरवले. नऊ माणसे आणि अकरा सेवा. प्रत्येक सेवेची वेगळी देखरेख, वेगळा डेटाबेस, एकमेकींशी बोलताना होणाऱ्या वेगळ्या चुका. क्लाउडचे मासिक बिल वाढले, साधा बदल तीन ठिकाणी करावा लागू लागला, आणि कोणती सेवा कोणाच्या आधी सुरू करायची हे गटातील दोनच मुलांना माहीत होते. माझे जुने प्रमुख असते तर त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले असते, "यातली कोणती गोष्ट आज एकत्र असल्यामुळे अडते आहे?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण तो विचारणारेच कुणी नव्हते, आणि माझ्या हाताखालची मुले मला विचारायला बिचकत. त्यांच्यातली दोघे तर थेट महाविद्यालयातून आली होती. त्यांचा कोड मी घाईघाईने, बैठकींच्या मधल्या वेळात पाहत असे. मला जे मिळाले होते ते मी त्यांना दिले नाही, याची खंत मला आजही आहे.

याच सुमारास मोशीला एक फ्लॅट पाहिला होता. बँकेने पगाराच्या चिठ्ठ्या घेतल्या, कंपनीचे नाव आपल्या यादीत शोधले आणि ते तिथे नसल्याने व्याजदर जास्त लागेल व कर्जही कमी मिळेल असे सांगितले. त्याच महिन्यात जुन्या कंपनीतल्या मैत्रिणीला, माझ्यापेक्षा कमी पगारावर, अधिक कर्ज मंजूर झाले. मी घर घेतले नाही.

२०२२मध्ये वारे फिरले. अमेरिकेतील व्याजदर मार्चपर्यंत शून्याजवळ होते, वर्षअखेरीस ते सव्वाचार टक्क्यांच्या पुढे गेले आणि जोखमीच्या कंपन्यांकडे येणारा पैसा आटला. आमच्या बैठकींत 'रनवे' हा शब्द दर आठवड्याला येऊ लागला, म्हणजे खात्यातील पैसा किती महिने पुरेल याचा हिशेब. १६ जानेवारी २०२३ला सकाळी पंधरा मिनिटांचा एक कॉल झाला आणि १२०पैकी ४५ जणांना काढण्यात आले. माझा गट दुसऱ्या गटात विलीन झाला, प्रमुखपद राहिले नाही. शेवटचा दिवस ३१ जानेवारी.

आता ऑप्शनबद्दल लिहिते, कारण याविषयी मराठीत नीट बोलले जात नाही आणि मी स्वतः चार वर्षे ते कागद न समजता जपून ठेवले होते. ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे, ठरलेल्या किमतीला शेअर विकत घेण्याचा हक्क. माझी ठरलेली किंमत १० रुपये होती. हा हक्क टप्प्याटप्प्याने पक्का होतो. कायद्यानुसार पहिले वर्ष तरी थांबावेच लागते. माझे ३०० ऑप्शन पहिल्या वर्षाअखेर आणि पुढे दर तिमाहीला ७५ असे पक्के होत होते. ३१ जानेवारीला १,१२५ पक्के होते. शेवटचे ७५ पंधरा फेब्रुवारीला पक्के होणार होते, ते गेले. ग्रॅच्युइटीची पाच वर्षेही पुन्हा भरली नाहीत. दोन नोकऱ्या, साडेआठ वर्षे, आणि ग्रॅच्युइटी शून्य.

पक्क्या झालेल्या १,१२५ ऑप्शनचे शेअर घ्यायला नव्वद दिवसांची मुदत होती. सगळ्या शेअरची मिळून किंमत ११,२५० रुपये, तेवढे द्यायला काही वाटले नसते. प्रश्न कराचा होता. मर्चंट बँकरने, म्हणजे असे मूल्यांकन करणाऱ्या अधिकृत संस्थेने, एका शेअरचे मूल्य ६४० रुपये ठरवले होते, म्हणजे प्रत्येक शेअरमागे ६३० रुपये मला पगारासारखेच मिळाले असे आयकर खाते धरते, मग तो शेअर विकला गेलेला असो वा नसो. ७ लाख ८ हजार ७५० रुपयांचे हे कागदावरचे उत्पन्न, त्यावर ३१.२ टक्क्यांनी सुमारे २ लाख २१ हजार कर. नोकरी नसताना, हातात न आलेल्या पैशावर, रोख. २०२०पासून काही पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलण्याची सवलत आहे, पण त्यासाठी कंपनीकडे जे प्रमाणपत्र लागते ते आमच्याकडे नव्हते, आणि असते तरी नोकरी सुटताच कर देणे आले असते. शिवाय खाजगी कंपनीचे शेअर बाजारात विकता येत नाहीत. खरेदीदार शोधावा लागतो आणि संचालक मंडळाची संमती लागते. कंपनी विकली गेलीच, तर गुंतवणूकदारांनी करारात आपले पैसे आधी परत मिळण्याची अट घातलेली असते. त्यानंतर उरले तर आमच्यासारख्यांचा क्रमांक. हे सगळे मी त्या फेब्रुवारीत पहिल्यांदा वाचले.

बाबा पुण्यात आले. आम्ही दोघे दोन संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो. त्यांचा कल एकही शेअर न घेण्याकडे होता. "विकता येत नाही ती वस्तू तारण म्हणूनसुद्धा कुणी धरत नाही," ते म्हणाले. त्यांचे म्हणणे मला पटत होते. तरीही कसारा घाटातल्या त्या गाडीपासून जे काही उभे राहिले त्यात माझा काहीच भाग नसावा, हे मला सोसवेना. अखेर मी ४०० शेअर घेतले. किंमत आणि कर मिळून सुमारे ८३,००० रुपये. बाकीचे ७२५ ऑप्शन मुदत संपताच रद्द झाले.

नोकरीचा शोध फेब्रुवारी ते जुलै चालला. अकरा कंपन्यांशी बोलणे झाले. मला वाटले होते, नऊ जणांची प्रमुख हे पद उपयोगी पडेल. मोठ्या कंपन्यांना ते पद फार लहान वाटले आणि वय फार कमी; लहान कंपन्यांना लिहिणारे हात हवे होते, आणि माझे हात दीड वर्ष कोरडे होते. साध्या कोडिंगच्या फेरीत मी दोनदा नापास झाले. मार्च आणि एप्रिल मी रोज सकाळी पाच तास परत मुळापासून सराव केला. मधल्या काळात कंपनीकडून अंतिम हिशेब यायला चार महिने लागले.

मे महिन्यात खराडीतील एका कंपनीच्या मुलाखतीत माझ्या अकरा सेवांचे चित्र मी अभिमानाने फळ्यावर काढले. समोरच्या बाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, "ही रचना तुमच्यापेक्षा अनुभवी अशा कुणी तपासली होती का?" मी नाही म्हणाले. "त्याआधी तुमचं कोणतं काम कुणी असं तपासलं होतं?" तेव्हा मी ते चित्र पुसले आणि मोजलेल्या व पोचलेल्या वेळेची हकीकत सांगू लागले. त्या हकिकतीवर आम्ही तासभर बोललो. यंत्राचेच घड्याळ चुकीचे असेल तर काय, हा त्यांचा प्रश्न मला तीन वर्षांपूर्वी सुचायला हवा होता. त्यांनी मला नेमले, पण प्रमुख म्हणून नव्हे, अभियंता म्हणून, हाताखाली कुणी नाही, १७ लाखांवर. मी तेव्हाच हो म्हणाले.

रुजू होण्याआधी पूर्वानुभवाची पडताळणी अडली. पी.एफ.च्या नोंदीत जुन्या कंपनीची सेवा जानेवारी २०१९ला संपत होती आणि पुढची मार्च २०२०ला सुरू होत होती; मधल्या तेरा महिन्यांत मी कुठे होते, असा प्रश्न आला. बँकेच्या खात्यावर दर महिन्याला जमा झालेला पगार, त्या वर्षांचे पगार व कापलेल्या कराचे दाखले (फॉर्म १६ आणि २६एएस), नियुक्तिपत्र, हे सर्व पाठवल्यावर तीन आठवड्यांनी शंका मिटली. बाबांच्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला साडेचार वर्षांनी मिळाले होते. स्टार्टअपमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाने पगाराची प्रत्येक चिठ्ठी पहिल्या महिन्यापासून स्वतःच्या संगणकावर ठेवावी, कारण उद्या ती देणारी कंपनी असेलच असे नाही.

जुन्या कंपनीत राहिलेल्या मैत्रिणीशी माझी तुलना लोक करतात, मीही करते. तिची ग्रॅच्युइटी साठते आहे, घर झाले आहे, दोन वर्षे ती जर्मनीत राहून आली. आम्हा दोघींचा पगार आज जवळपास सारखा आहे. पैशांच्या हिशेबात ती पुढे आहे यात शंका नाही. पण गेल्या वर्षी आमच्या प्रणालीत रात्री बिघाड झाला तेव्हा तो कुठे असेल हे मी नेटवर्कपासून डेटाबेसपर्यंत एकटीने शोधू शकले, आणि ही क्षमता मला बाणेरच्या पहिल्या अडीच वर्षांनी दिली. नंतरच्या दीड वर्षाने तिच्यात काही भर घातली नाही, उलट काही काढूनच घेतले. एकाच कंपनीतला हा काळ आहे, म्हणून तिथे जाणे चांगले की वाईट असे कुणी विचारले की मी विचारणाऱ्याला उलट विचारते, तुझा कोड तिथे कोण वाचणार आहे, त्याचे नाव तुला सांगितले आहे का?

भागधारक म्हणून दर सप्टेंबरमध्ये मला त्या कंपनीच्या वार्षिक सभेची सूचना आणि ताळेबंद येतो. ती कंपनी अजून चालू आहे, लहान झाली आहे, तोटा कमी होत आहे. बाबा तो ताळेबंद पेन्सिल घेऊन वाचतात. गेल्या खेपेला त्यांनी कर्मचाऱ्यांवरील खर्चाच्या आकड्याखाली रेघ ओढली. तो आधीच्या वर्षापेक्षा थोडा वाढला होता. "माणसं घेतलेली दिसतात," ते म्हणाले. मी तिथे अजून असलेल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. माझ्या गटात महाविद्यालयातून थेट आलेल्या दोघांपैकी तो एक. त्याने सांगितले की दोन नवी मुले आली आहेत, एक नाशिकची आणि एक सोलापूरची, आणि अकराच्या आता चारच सेवा उरल्या आहेत. त्या मुलांचा कोड कोण पाहते, असे मी विचारले. तो म्हणाला, "मी पाहतो. पण माझा कुणी पाहत नाही." त्यानंतर दर शनिवारी सकाळी तासभर तो मला त्याच्या रचनांची रेखाटने दाखवतो. ग्राहकाची किंवा कंपनीची माहिती त्यात नसते, त्याच्या वरिष्ठांची त्याला संमती आहे. मागच्या शनिवारी तो यंत्राच्या चुकलेल्या घड्याळावर काम करत होता.